वाण सांगा, मगच ओता!

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. छाटणीच्या काड्या बांधाला साठतात ना, तसे. चुलीला म्हणून एक काडी ओढायला जावं तर अख्खा भारा अंगावर येतो! परवा नातजावई पुण्याहून वाइनची बाटली घेऊन आला आणि मला समजावून सांगायला लागला, "आजोबा, ही कॅबर्ने आहे बरं का." बाटलीवर द्राक्षाचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतं. एवढं एक नाव कळावं म्हणून आम्ही चार माणसांनी सत्तरच्या दशकातली सहा-सात वर्षं खर्ची घातली होती, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? तेव्हापासून तो भारा माझ्या अंगावरून उतरेना. आता तुमच्याच अंगावर टाकतो.

आम्ही म्हणजे विटा-तासगाव बाजूच्या एका गावातलं 'द्राक्ष अभ्यास मंडळ'. नाव मोठं, सभासद चार! मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि सासऱ्यांनी दिलेली एकरभर बाग सांभाळायचो. इस्माईलभाईंची थोडी बाग होती, पण मुख्य धंदा द्राक्षाच्या लाकडी पेट्या करायचा. त्यांच्या शेडमध्येच आमची बैठक. विष्णू गलाईवाला. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलीत, त्यात विष्णूचं दुकान नेमकं पाँडिचेरीत, जुन्या फ्रेंचांच्या गावात! छाटणीला आणि सणाला तो गावी यायचा. आणि चौथे ज्ञानदेव अण्णा, पलटणीतून निवृत्त झालेले मेस हवालदार. मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि कायमचे तक्रारदार, सगळं तेच.

मंडळ निघालं ते अण्णांच्या एका जुन्या ठसठसणीमुळं. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णांची पलटण एकदा इंडो-चायनामध्ये युद्धबंदीच्या देखरेखीला गेली होती. तिथं आपल्या साहेबांच्या मेसमध्ये फ्रेंच अफसर जेवायला यायचे आणि वाइन कुठली काढायची ते अण्णा ठरवायचे. लेबल बघितलं की चटकन सांगत, ही मटणाबरोबर, ही माशाबरोबर. एका जेवणात कुण्या पाहुण्यानं नुसता भरलेला ग्लास पुढं केला आणि विचारलं, "हवालदार, हे द्राक्ष कुठलं?"

अण्णांची नजर लेबल शोधायला लागली.

मेजरसाहेब हसून म्हणाले, "आमच्या ज्ञानदेवला लेबलं पाठ आहेत. द्राक्ष विचारू नका!" सगळं टेबल खदखदून हसलं.

साहेब दुसऱ्या दिवशी ते विसरले. अण्णा वीस वर्षं विसरले नाहीत! शेतकऱ्याच्या पोराला पीक ओळखता येत नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी थेट आईवरून शिवी होती. हे मेजरसाहेब पुढं अण्णांना घेऊन आघाडीवर जाऊन आले, कर्नल झाले आणि साताऱ्यात बंगला बांधून राहिले. अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांना भेटायला गेले आणि म्हणाले, "साहेब, एक दिवस ग्लासातनं वाण वळखून दावतो."

साहेबांकडं तिकडून, सायगॉनहून आणलेली एक शेवटची बाटली होती. तिचं लेबल कसरीनं खाल्लेलं. ते म्हणाले, "जमेल तेव्हा ये. हीच उघडू. बरोबर सांगितलंस तर मी उभा राहून तुला सलाम करीन."

बस्स! त्या एका सलामासाठी मंडळ निघालं.

०००

पहिली अडचण परवान्याची. त्या काळी पिण्यासाठी परवाना लागायचा आणि तो तब्येतीच्या कारणानं मिळायचा. अण्णा सांगलीच्या कचेरीत गेले. कारकुनानं फॉर्म पुढं सरकवला. "आजार काय, ते लिहा."

"आजार न्हाई."

"अहो, काहीतरी लिहा. झोप येत नाही म्हणा, छातीत धडधड म्हणा."

"नवाला झोपतो, पाचला उठतो. छाती फौजेनं तपासल्याली हाय."

"मग परवाना कशासाठी हवाय?"

"अभ्यासासाठी."

कारकून समजूत काढून थकला. मोठे साहेब बाहेर आले, तेही थकले. अण्णा सलग तीन दिवस एस.टी.नं सांगलीला गेले आणि तेच एक उत्तर देत राहिले. खोटा आजार लिहायला माणूस तयारच होईना! चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी स्वतःच पेन घेतलं, आजाराच्या रकान्यात 'द्राक्ष अभ्यास' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

०००

विष्णूनं दिवाळीला पहिली फ्रेंच बाटली आणली. आम्ही ती पेट्यांच्या ढिगावर मधोमध ठेवली. लेबल वाचायचं काम माझ्याकडं. इंग्रजीच्या मास्तरला फ्रेंच येतंच, अशी गावाची पक्की समजूत होती.

मी म्हणालो, "बरगंडी लिहिलंय. खाली एका गावाचं नाव आहे, मालकाचं नाव आहे, साल आहे."

"आणि वाण?" इस्माईलभाईंनी विचारलं.

मी बाटली चारी बाजूंनी फिरवली. वाण कुठंच नव्हता!

इस्माईलभाई खवळले. "आता मी पेटीवर नुसतं 'तासगाव' छापलं, तर व्यापारी काय म्हणंल? आत अनाबशाही हाय का थॉम्सन, त्यो इचारणार का न्हाई?"

अण्णांनी शांतपणे सांगितलं की फ्रेंचांची रीतच तशी आहे. गाव लिहायचं, वाण गिऱ्हाइकानं समजून घ्यायचा. बरगंडीची लाल असली तर पिनो न्वार, पांढरी असली तर शार्दोने. बोजोले असली तर गामे. हे त्यांना पाठच होतं. पण पाठ असणं हीच तर त्यांची ठसठस! म्हणून मंडळानं त्या दिवशी ठराव केला: गावाच्या नावावर वाइन निवडायची नाही. वाण कळल्याशिवाय बाटली घ्यायची नाही.

विष्णू पाँडिचेरीला परत गेला आणि तिथल्या दुकानाच्या म्हाताऱ्या मडमेला प्रत्येक बाटलीमागं विचारायला लागला, "यात द्राक्ष कुठलं?" चार-पाच वेळा तिनं सांगितलं. मग वैतागून म्हणाली, "आमच्या फ्रान्समध्ये असं कुणी विचारत नाही!"

विष्णू म्हणाला, "मग तुमच्याकडं बाया-बापय नुसतं पीतच बसत्यात व्हय? बाग कोण करतंय?"

त्या दिवसापासून ती त्याला बसायला खुर्ची द्यायला लागली.

०००

विष्णूचा स्वतःचा घोळ वेगळाच होता. जन्म गेला सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढण्यात. एकदा बोर्दोची बाटली आली आणि अण्णांनी सांगितलं की हिच्यात कॅबर्ने आणि मर्लो, दोन्ही असतात.

विष्णू ताडकन उठला. "म्हंजे भेसळ!"

"भेसळ न्हवं रं, मेळ."

"मेळ दुकानदार म्हणतोय. गिऱ्हाईक भेसळच म्हणतंय. कॅबर्नेचा टंच किती, ते सांगा आदी!"

त्यानं हट्टच धरला. दोन बैठका झाल्या, तो पेल्याला हात लावेना. शेवटी अण्णांनी त्याच्या बोटातली अंगठी धरली आणि विचारलं, "ही चोवीस कॅरेट हाय का?"

"बावीस."

"बाकीचं काय?"

"तांबं... थोडी चांदी."

"का घातलीस? भेसळ केलीस व्हय?"

"आवं, निव्वळ सोन्याचा दागिना वाकतोय, टिकत न्हाई..." विष्णूनं अंगठीकडं बघितलं. मग हळूच पेला पुढं करून म्हणाला, "ओता, अण्णा."

०००

इस्माईलभाई पीत नसत. म्हणूनच ते आमचे पंच! शेडच्या मागं जाऊन ते स्टीलच्या पेल्यांत ओतून आणायचे, कुठल्या पेल्यात काय याची चिठ्ठी बंडीच्या खिशात ठेवायचे आणि चेहरा कोरा करून बसायचे. अण्णा डोळे मिटून वाण ओळखायचे. सुरुवातीला दहातले सात चुकायचे.

एकदा तीन पेले आले. अण्णांनी घोट घेतला न घेतला तोच निकाल दिला, "ही पिनो न्वार. ही गामे. आणि ही... मर्लो. नक्की!"

तेवढ्यात अण्णांच्या मंडळी, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, जेवायला बोलवायला आल्या. पेले बघून म्हणाल्या, "ही काय थेरं?" आणि पदर सावरत एकेक पेला नाकाशी धरून बघितला. "ह्या दोनात एकच हाय की!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" अण्णा उसळले.

"लग्नाच्या पंगतीची आमटी नुसत्या वासावर सांगते मी, मीठ हाय का न्हाई ते. काढा चिठ्ठी."

इस्माईलभाईंनी चिठ्ठी काढली. पहिल्या आणि तिसऱ्या पेल्यात एकच बाटली होती! मुद्दाम केलं होतं त्यांनी.

अण्णा दोन दिवस शेडकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी जाऊन बसले आणि बायकोला म्हणाले, "वळखायचं कसं, ते शिकीव."

पलटणीत तीस वर्षं हुकूम ऐकलेल्या त्या माणसाला आक्कांनी एकच हुकूम दिला. "तुमी चाखायच्या आदी निकाल देताय. आदी गप बसायला शिका."

अण्णांची खरी विद्या तिथून पुढं सुरू झाली. वर्षभरात दहातले आठ बरोबर यायला लागले.

०००

आता आमच्या मूर्खपणाचा किस्सा. तो सांगितला नाही तर पाप लागेल.

पाँडिचेरीत एका म्हाताऱ्या फ्रेंच मास्तरच्या अंगणात कॅबर्नेचे वेल होते. विष्णूनं त्याच्याकडून बारा काड्या मागून घेतल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर ठेवून आणल्या. अण्णांच्या बागेच्या कोपऱ्यात त्या लावल्या. नऊ जगल्या. वाइन पिऊन वाण कळतो, पण वेल वाढवल्याशिवाय तो खरा कळत नाही, असं अण्णांचं म्हणणं.

तिसऱ्या वर्षी घड लागले. केवढे? मुठीएवढे! आणि मणी वाटाण्याएवढे, आत दोन-दोन बिया!

अण्णांनी सगळ्यांना बजावलं, "वाइनचं द्राक्ष बारीकच असतंय. बारीक हाय म्हणूनच चव हाय. कुणी हात लावायचा न्हाई!"

आम्ही माना डोलावल्या. पण आमच्या भागात घडावरून माणसाची इभ्रत ठरते. रस्त्यानं जाणारा येणारा विचारायचा, "काय अण्णा, औषध कमी पडलं का?" थॉम्सनचे मणी फुगावेत म्हणून जीए नावाच्या औषधाच्या पाण्यात घड बुडवायची पद्धत तेव्हा नुकतीच आली होती आणि प्रत्येकाच्या घरी ती पुडी होती. आता तुम्हीच सांगा!

पंधरा दिवसांत कॅबर्नेचे घड असे काही लांबले आणि फुगले की ओळखू येईनात. अण्णांनी तातडीची बैठक बोलावली. "कुणी केलं?"

मी मान खाली घातली. "मंगळवारी. एकदाच बुडवले. बघवेना हो मला."

इस्माईलभाई म्हणाले, "मी बुधवारी. मला वाटलं, कुणीच लक्ष देत न्हाई."

विष्णू म्हणाला, "मी शुक्रवारी. जरा कडक केलं हुतं पाणी."

अण्णा लालबुंद झाले. "पोटच्या पोरावानी जपलं मी! आणि तुमी माझ्या माघारी..."

दारातून आक्का म्हणाल्या, "आणि सोमवारी न्हाणीतला मग घेऊन बागंत कोण गेलतं?"

त्या वेलांनी पुढच्या वर्षी एकही घड दिला नाही.

०००

एकदा विष्णूनं उंच, सडपातळ, हिरवी बाटली आणली. फ्रान्सच्या अल्सास भागातली. मी लेबल वाचायला घेतलं आणि ओरडलोच. "रीसलिंग! द्राक्षाचं नाव लिहिलंय! मोठ्या अक्षरांत!"

इस्माईलभाईंनी हातातला हातोडा खाली ठेवला. "अल्ला! तिकडं बी शानी माणसं हायत म्हणायची!"

अण्णांनी मला तिथल्या तिथं पत्र लिहायला लावलं, लेबलावरच्या पत्त्यावर. 'आपण बाटलीवर वाण लिहिता याबद्दल आमचे मंडळ आपले अभिनंदन करीत आहे. आम्हीही द्राक्षे करतो. वर्षातून दोनदा छाटतो.' इंग्रजीतून लिहिलं आणि टाकलं पोस्टात.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सगळं फ्रेंचमध्ये! ते पाँडिचेरीला पाठवून त्याच मडमेकडून अर्थ लावून घेतला. आम्हाला वाटलं, आभार असतील, एखादी बाटली पाठवतो म्हटलं असेल. छे! पत्रात नुसते प्रश्न होते. दोनदा छाटता हे खरं का? वेल मरत नाहीत? थंडी पडत नाही, मग वेल झोपतो कधी? पाऊस किती? भुरीचा रोग येतो का? गंधक किती मारता?

अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग समाधानानं म्हणाले, "ह्यो वाइनवाला न्हाई मास्तर. ह्यो आपल्यातलाच हाय."

०००

आणि मग साताऱ्याहून कार्ड आलं. 'डॉक्टरांनी पिणं कायमचं बंद करायला सांगितलं आहे. येत्या रविवारी दुपारी ती बाटली उघडतो. यायचं असेल तर ये.' खाली कर्नलसाहेबांची सही.

म्हणजे आता एकच डाव. पुन्हा संधी नाही!

चौघंही गेलो. अण्णांनी कोट घातला होता, वर मेडल्स. एस.टी.त कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत त्यांनी तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही, सुपारीसुद्धा नाही. बंगल्यात साहेबांचे दोन जुने मित्र आले होते, दोघंही निवृत्त अफसर. बाईसाहेब दाराशी वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात विणकाम.

साहेबांनी स्वतः बूच काढलं. वाइन पांढरी निघाली, गवती चहासारख्या रंगाची. आधी अफसरांनी घोट घेतला.

"शार्दोने," एक म्हणाले. "फ्रान्सच. प्रश्नच नाही."

"अव्वल शार्दोने," दुसरे म्हणाले.

मला आणि विष्णूलाही बोटभर मिळाली. माझ्या जिभेला काहीतरी फार ओळखीचं लागलं, पण नाव घ्यायची छाती झाली नाही. विष्णू माझ्याकडं बघायला लागला, मी विष्णूकडं.

अण्णांनी ग्लास खिडकीपाशी नेला. उजेडात धरला. वास घेतला. एक घोट घेतला आणि गप्प उभे राहिले. किती वेळ! आक्का असत्या तर खूश झाल्या असत्या. दुसरा घोट घेतला. मग ग्लास टेबलावर ठेवून सावधान उभे राहिले.

"साहेब, भोकरी."

भोकरी म्हणजे आपल्याकडची जुनी पांढरी द्राक्षं. थॉम्सन यायच्या आधी कुणाच्याही परसात मांडवावर हीच असायची. अफसर दोघंही मोठ्यानं हसले. साहेब हसले नाहीत.

"ज्ञानदेव, ही बाटली मी माझ्या ट्रंकेतून सायगॉनहून आणलीय."

"बाटलीबद्दल माजं काय म्हणनं न्हाई, साहेब. बाटली फ्रेंचच हाय. आतली भोकरी."

"पुन्हा एकदा घोट घे."

"घेतला, साहेब. भोकरीच."

साहेब खुर्चीचा हात धरून अर्धे उठले. आवाज मऊ झाला होता. "हे बघ, तू इतकी वर्षं खपलास, मला माहिती आहे. एकदा शार्दोने म्हण. मी आत्ता उभा राहून तुला सलाम करतो."

मी मनात म्हणत होतो, अण्णा, म्हणा! एक शब्द म्हणा आणि मोकळे व्हा!

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान ताठ होती. "सलाम पायजे साहेब. त्याच्यासाठीच आलोय. पर भोकरीला शार्दोने म्हणून न्हाई."

साहेब परत खुर्चीत बसले. त्यांनी बूच पुन्हा बाटलीला लावलं. मग म्हणाले, "गाडी चुकेल तुमची."

आम्ही बाहेर आलो. पायरीवर बसून अण्णा बुटाची नाडी बांधत होते. तिथून बंगल्याची मागची बाजू दिसायची. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत मांडव होता आणि त्यावर मनगटाएवढ्या जाड खोडाचा भोकरीचा जुना वेल. इस्माईलभाई त्याच्याकडं बघतच राहिले.

मागून पावलं वाजली. बाईसाहेब आल्या होत्या. त्यांनी एकदा वळून दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"ज्ञानदेव, वाण सांगितलात. आता साल सांगा बघू, मी ती भरली ते."

अण्णा उठून उभे राहिले.

"आमी साहेबांसंगं आघाडीवर होतो आणि चार महिनं तुमाला आमचं टपाल आलं न्हवतं, त्या सालची, बाईसाहेब."

बाईसाहेबांची नजर मांडवावरच्या वेलाकडं गेली. "बरोबर," म्हणाल्या, आणि आत गेल्या.